इंजिन ओरडतं, गाडी मात्र हलत नाही!

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘स्लिप’ होऊ लागला की मोठ्या खर्चाच्या धास्तीने घरातल्यांची झोप उडते. पण गिअरबॉक्स खोलण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी घरच्या अंगणातही करता येते.

चित्र डोळ्यांसमोर आणा. रायपूरला लागून असलेलं बीरगांव. एका बाजूला उरला, पुढे सिलतरा, दोन्हीकडे कारखाने. बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोखंड आणि कोळसा भरलेल्या ट्रकांची रीघ लागलेली. मे महिन्याची दुपार. घरातली सूनबाई सासूबाईंना दवाखान्यात दाखवून परत निघाली आहे. पलीकडच्या बाजूला वळण्यासाठी रस्ता मोकळा दिसतो, ती अ‍ॅक्सिलरेटर दाबते. इंजिन जोरात ओरडतं, काटा झर्रकन वर चढतो, पण गाडी जागची जेमतेम सरकते. समोरून येणारा ट्रक हॉर्नवर हॉर्न वाजवतो आहे. दोन-तीन सेकंदांनी धक्का देऊन गिअर पकडतो आणि गाडी कशीबशी पलीकडे जाते.

संध्याकाळी ती नवऱ्याला सांगते, ‘‘अहो, गाडी आज भर रस्त्यात दगा देत होती. दाबलं तरी पळेना.’’

नवरा म्हणतो, ‘‘पेट्रोलमध्ये कचरा आला असेल. रविवारी बघू.’’

इथेच चूक होते. रविवार येईपर्यंत गाडी आणखी दीड-दोनशे किलोमीटर धावते आणि जे काम थोडक्यात भागलं असतं ते कधीकधी लाखाच्या घरात जातं. त्याहून मोठा धोका त्या दोन-तीन सेकंदांचा आहे. ओव्हरटेक करताना किंवा रेल्वे फाटक ओलांडताना गाडीने ओढ सोडली, तर पैशांचा हिशेब करायलाही उसंत मिळत नाही.

आत नेमकं काय घडतं?

गिअरच्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच प्लेट असते आणि ती आपण पायाने जोडतो, सोडतो. ऑटोमॅटिक गाडीत हे काम तेल करतं. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातलं की झाला टॉर्क कन्व्हर्टर. त्यामागची कल्पना जर्मन अभियंता हेरमान फॉटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली, तीही जहाजांसाठी. पुढे जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स दिला आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी सर्वसामान्यांच्या दारात आली.

टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे गिअर असतात आणि ते बदलण्यासाठी तेलात बुडालेल्या लहान-लहान क्लच प्लेटा असतात. पंप तेलाला दाब देतो, त्या दाबाने प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. दाब कमी पडला किंवा प्लेटांचा थर झिजला की पकड सुटते. साबणाच्या हाताने बाटलीचं झाकण उघडताना हात फिरतो, झाकण मात्र फिरत नाही. तसंच इथे होतं. यालाच मिस्त्री ‘स्लिप’ म्हणतात.

घसरताना या प्लेटा तापतात. त्या उष्णतेने तेल करपतं, करपलेल्या तेलात पकड आणखी कमी होते आणि प्लेटा आणखी घसरतात. म्हणूनच हा बिघाड आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो.

लक्षणं कशी ओळखाल?

* अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आर.पी.एम.चा काटा वर जातो, पण वेग त्या मानाने वाढत नाही.
* ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये टाकल्यावर गाडी लगेच ओढ घेत नाही. एक-दोन सेकंदांहून जास्त थांबते, मग धक्क्याने निघते.
* गिअर बदलताना मध्येच गाडी न्यूट्रलला गेल्यासारखी वाटते.
* सकाळी थंड गाडी ठीक चालते, पण गर्दीत अर्धा तास तापल्यावर त्रास सुरू होतो.
* रिव्हर्स नीट लागत नाही, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते. संगणकाने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी घेतलेला हा बचावाचा पवित्रा असतो.
* गाडी उभी असते त्या जागी लालसर तेलाचे थेंब दिसतात.

यातली पहिली दोन लक्षणं दिसली की समजावं, वेळ आली. मात्र इंजिनच अडखळत असेल आणि काटाही वर चढत नसेल, तर दोष गिअरबॉक्सचा नसून प्लग किंवा पेट्रोल पुरवठ्याचा असू शकतो. काटा चढतो की नाही, हाच खरा फरक.

आधी गाडीची जात ओळखा

‘ऑटोमॅटिक’ हे एकच नाव असलं तरी आतली यंत्रं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे. वर सांगितलेली टॉर्क कन्व्हर्टरची गाडी ही एक जात.

दुसरी जात ए.एम.टी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि ही पद्धत भारतात घरोघरी पोहोचली. हा मुळात साधा गिअरबॉक्सच आहे. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम आपल्याऐवजी यंत्र करतं. इथे गाडी स्लिप होत असेल तर बहुधा साधी क्लच प्लेट झिजलेली असते आणि ती बदलता येते. गिअर बदलताना मान किंचित पुढे झुकते, तो या गाडीचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

तिसरी जात सी.व्ही.टी. यात ठराविक गिअर नसतात. आकार बदलणाऱ्या दोन पुल्यांवरून धातूचा पट्टा किंवा साखळी फिरते. १९८०च्या दशकात पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर आणलेली कायनेटिक होंडा आठवते ना? तिच्यात याच तत्त्वावर रबरी पट्टा होता. सी.व्ही.टी. गाडीत जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागाहून. नवीन मालकाला ते स्लिपच वाटतं. पण गाडी पहिल्या दिवसापासून तशीच वागत असेल तर काळजी नको. अलीकडे फरक पडला असेल, गाडी थरथरत असेल, तर मात्र तपासणी हवी.

चौथी जात दोन क्लचच्या डी.सी.टी.ची. तिची तपासणी घरी करू नये.

तेल कसं तपासाल?

सगळ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, नसते. जुन्या टॉर्क कन्व्हर्टरच्या अनेक गाड्यांत ती सापडते. नव्या गाड्यांत बहुधा नसते. तिथे गाडी लिफ्टवर घेऊन, तेलाचं तापमान मोजून, बूच उघडून पातळी बघावी लागते. ते काम गॅरेजचंच. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक आधी वाचा. इंजिन ऑईलच्या पट्टीशी या पट्टीची गल्लत करू नका.

पट्टी असेल तर असं करा :

१. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. तेल तापलं की फुगतं, म्हणून थंड गाडीची पातळी फसवी असते.

२. गाडी सपाट जागेवर उभी करा. उतारावर पातळी चुकते. हँडब्रेक ओढा.

३. इंजिन चालू ठेवा. ब्रेकवर पाय दाबून ठेवून गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत ‘पी’मध्ये आणा. यामुळे तेल सगळ्या वाटांमध्ये भरतं.

४. इंजिन चालू असतानाच पट्टी काढा, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. तेलाची रेघ ‘हॉट’ लिहिलेल्या दोन खुणांच्या मध्ये हवी.

इंजिन बंद केलं की बरंचसं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मात्र होंडाच्या अनेक गाड्यांत याउलट, तापलेली गाडी बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत पातळी बघायची असते. काही गाड्यांत दांडा ‘एन’मध्ये ठेवायचा असतो. म्हणूनच पुस्तक महत्त्वाचं.

एक सावधगिरी. बॉनेटखाली पंखा आणि पट्टे फिरत असतात. पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा, बांगड्या मागे सारा आणि मुलांना लांब ठेवा. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर तेल सांडू देऊ नका, ते पेट घेऊ शकतं.

रंग आणि वास बोलतात

पट्टीवरचं तेल पांढऱ्या कागदावर टिपून बघा. बहुतेक तेलं नवी असताना लाल किंवा गुलाबीसर आणि पारदर्शक असतात. काही सी.व्ही.टी. तेलांचा रंग मुळातच वेगळा असतो.

लालसर आणि स्वच्छ असेल तर तेलाची प्रकृती ठीक. तपकिरी झालं असेल तर बदलण्याची वेळ जवळ आली. काळं पडून जळका वास येत असेल आणि बोटाला बारीक कण लागत असतील, तर प्लेटा झिजल्या आहेत. दुधासारखं गुलाबी दिसत असेल तर तेलात पाणी शिरलं आहे, बहुधा रेडिएटरमधल्या कूलरमधून. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

रायपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात ट्रकांच्या मागे रखडत चालणं म्हणजे तेलाची परीक्षाच. ढोबळ हिशेब असा, की तेलाचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं खराब होणं जवळजवळ दुप्पट वेगाने होतं. म्हणून अशा भागात कंपनीने सांगितलेली मुदत शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नये.

पातळी कमी निघाली तर?

गिअरबॉक्सचं तेल इंजिन ऑईलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालं याचा अर्थ कुठूनतरी गळतं आहे. कूलरची नळी, ऑईल सील, चेंबरचं पॅकिंग या नेहमीच्या जागा. रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला ते कळेल.

तेल भरताना पाव लिटरहून कमी घाला, पुन्हा पातळी बघा, मग लागलं तर आणखी. जास्त भरलं तर फिरणाऱ्या भागांनी घुसळून त्याला फेस येतो. फेसात हवा असते, हवेने दाब पडतो आणि जो स्लिप टाळायचा तोच सुरू होतो.

तेल मात्र पुस्तकात लिहिलेलंच हवं. ‘‘कोई भी लाल तेल चलेगा’’ असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान गाठा. या तेलात पकड ठरवणारी रसायनं असतात. एके काळी अमेरिकेत त्यासाठी चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेलच्या संरक्षणासाठी त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना नवी रसायनं शोधत धावावं लागलं. एवढं हे तेल नाजूक! सी.व्ही.टी.मध्ये साधं ए.टी.एफ. घातलं तर पट्टा घसरून गिअरबॉक्सच निकामी होऊ शकतो.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

पातळी बरोबर, रंग चांगला, तरीही स्लिप होत असेल तर दोष फिल्टर, सोलेनॉईड व्हॉल्व्ह किंवा पंपात असू शकतो. मिस्त्रीला आधी स्कॅनर लावायला सांगा. पी ०७०० हा कोड म्हणजे गिअरबॉक्सच्या नियंत्रणात दोष असल्याची नुसती सूचना. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, अर्थात कुठेतरी घसरण आहे. कोड कागदावर लिहून घ्या. स्कॅन न करता, तेल न बघता कुणी सरळ ‘‘गिअरबॉक्स खोलना पड़ेगा’’ म्हणत असेल, तर दुसरं मत जरूर घ्या.

त्रास कधी होतो, थंड असताना की तापल्यावर, कोणत्या वेगाला, याची नोंद वहीत ठेवा. मिस्त्रीचं निम्मं काम त्यानेच होतं.

आणि गाडी बंद पडलीच तर दोरीने टोचन करून नेऊ नका. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आतल्या भागांना तेल मिळत नाही आणि चाकं फिरत राहिली की उरलासुरला गिअरबॉक्सही जातो. गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी.

जुनी ऑटोमॅटिक विकत घेताना हीच तपासणी करा. मालकाला सांगा, गाडी आधी सुरू करून ठेवू नका. थंड गाडी सुरू करा, मग अर्धा तास चालवून तापल्यावर पुन्हा बघा. चकाकणाऱ्या रंगापेक्षा पट्टीवरच्या तेलाचा रंग जास्त खरं बोलतो.

बीरगांवच्या त्या घरात समजा नवऱ्याने रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी बॉनेट उघडलं, पट्टीवर तेल खुणेच्या खाली पण अजून लालसर दिसलं, कूलरची नळी ओली लागली, तर खर्च नळीचा आणि थोड्या तेलाचा. आठवडाभर तशीच चालवली, तर काळं तेल आणि जळका वास. मग नवीन तेल घालूनही झिजलेल्या प्लेटा परत येत नाहीत.

घरातलं माणूस गाडीबद्दल तक्रार करतं, तेव्हा चालवणाऱ्याला चालवता येत नाही असं समजण्याआधी बॉनेट उघडून बघावं. जी व्यक्ती रोज गाडी चालवते, तिलाच गाडीतला बदल सर्वांत आधी कळतो.