पाय उचलला की थांबलं पाहिजे

लाकडी लेथवर एक हात पटाशीची मूठ धरतो, दुसरा पातं टेकूवर दाबून ठेवतो. वेग कमी करायला हात नॉबकडे गेला, की धार लाकडात रुतलीच. म्हणून वेग पायाकडे द्यायचा.

माझ्या छोट्या लेथला २४ व्होल्टची, २५० वॅटची डीसी मोटार आहे. पाण्याच्या पंपाची इंडक्शन मोटार इथे चालत नाही. तिचा वेग ५० हर्ट्‌झच्या विजेला बांधलेला असतो, पंख्याचा रेग्युलेटर लावला तर ती नुसती तापते. डीसी मोटारीची वीज पीडब्ल्यूएम कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा जोडतो-तोडतो, त्यामुळे मंद वेगातही जोर बराच टिकतो. कंट्रोलरच्या नॉबमागचा पॉट सोडवून तारांनी पेडलपर्यंत आणला.

पेडल म्हणजे प्लायच्या दोन फळ्या, टाचेकडे बिजागरी, मध्ये स्प्रिंग. पेच एवढाच, की पॉट २७० अंश फिरतो आणि फळीचं टोक जेमतेम ३० मिलिमीटर खाली जातं. यावर तोडगा दोरीचा. पॉटच्या दांडीवर १३ मिलिमीटर व्यासाची चकती बसवली. तिचा पाऊण वेढा बरोबर तेवढाच भरतो. पॉट पुढच्या उभ्या पट्टीवर, फळीच्या वर. चांभाराचा मेण लावलेला दोरा चकतीवरून फळीला बांधला. फळी दाबली की दोरा ओढला जातो, वेग वाढतो.

चकतीला स्वतःची वेगळी स्प्रिंग आहे, ती पॉटला सतत शून्याकडे खेचते. दोरा तुटला तर मोटार थांबते. उलट जोडणी केली असती, तर तुटलेल्या दोऱ्याने पूर्ण वेग दिला असता. तारेचं मात्र तसं नाही. पॉटच्या शून्याकडची तार तुटली, की कंट्रोलरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. त्यासाठी फळीखाली मायक्रोस्विच ठेवला. फळी वर आली की तो रिलेमार्फत मोटारीची वीजच तोडतो. दहा-बारा अँपिअर थेट त्या नाजूक खटक्यातून न्यायचे नाहीत.

पट्टा उतरवून चाचणी घेतली. फळी दाबलेली असताना दोरा कापला: मोटार थांबली. नवा दोरा बांधून तार उपटली: मोटार सुसाट, पाय उचलताच बंद.

पट्टा चढवण्याआधी एक काम उरलं होतं. लेथखाली लाकडाचे तुकडे पडतात, आणि पाय कुठला, ठोकळा कुठला हे पेडलला कळत नाही. म्हणून त्यावर पत्र्याचं छप्पर, फक्त पायापुरतं उघडं.