नऊ एमएमचा मोह आणि कायद्याची चौकट

पोलादी सांगाड्याचं, दणकट गोळीचं पिस्तूल कोणतं घ्यावं? अमरावती-अकोल्यात हा प्रश्न दुकानाआधी परवान्यापाशी अडतो. अमरावती शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, अकोल्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे.

पसंतीला वाव मात्र थोडा. लष्कर-पोलिसांचं नऊ एमएम सामान्य परवानाधारकाला निषिद्ध. त्यामुळे नजर वळते पॉइंट बत्तीसकडे, म्हणजे ७.६५ मिमी गोळीकडे. ही जॉन ब्राउनिंगची १८९९ सालची रचना. इशापूरच्या सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल तिच्यासाठीच बनलेलं. तिची ऊर्जा नऊ एमएमच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून नळी कुलूपबंद करणारी यंत्रणा लागत नाही. सरकपट्टीचं वजन आणि स्प्रिंगच पुरते. मोठ्या गोळीला कुलूपबंद यंत्रणा सहसा लागते, जशी ब्राउनिंगच्याच १९११च्या पॉइंट पंचेचाळीस पिस्तुलात आहे.

धातूचा सांगाडा जड, पण तेच वजन झटका पचवतं. कमरेला दिवसभर बाळगणाऱ्याला मात्र ते जाचतं.

२०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवाना पाच वर्षांचा. निवडणूक लागली की अनेकांना शस्त्रं जमाही करावी लागतात.