फाउंडेशनची छटा निवडताना

दुकानातील झगझगीत दिव्यांखाली जुळलेली फाउंडेशनची छटा कार्यालयातील खिडकीपाशी राखाडी दिसू लागते, असा अनुभव गव्हाळ व सावळ्या वर्णाच्या अनेकींना येतो. दोष नेहमीच उजळ-गडदपणाचा नसतो. बरेचदा अंडरटोन, म्हणजे त्वचेची पिवळसर, गुलाबी वा हिरवट झाक, हेरण्यात चूक झालेली असते.

फाउंडेशनचा रंग आयर्न ऑक्साइडची पिवळी, तांबडी व काळी रंगद्रव्ये आणि पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या मिश्रणातून साधतात. पांढऱ्याचे प्रमाण अधिक असल्यास सावळ्या त्वचेवर राखेसारखा थर दिसतो.

मनगटाचा वर्ण चेहऱ्याशी जुळतोच असे नाही. म्हणून जबड्याच्या कडेपासून मानेपर्यंत जवळच्या तीन छटांचे पट्टे ओढावेत आणि दहा-पंधरा मिनिटांनी दिवसाच्या उजेडात पाहावेत. कारण वाळताना काही द्रव फाउंडेशन गडद होतात. त्वचेत मिसळून दिसेनासा होणारा पट्टा आपला समजावा.

2017 मध्ये फेंटी ब्यूटीने एकदम 40 छटा आणल्या. त्यानंतर इतर कंपन्यांनीही गडद छटा वाढवल्या. आता पर्याय आहेत. उजळ दिसण्यासाठी एक छटा फिकी घेण्याची जुनी सवय तेवढी सोडायला हवी.