समुद्रातील प्लॅस्टिकचा कचरा व तो काढण्याचे प्रयत्न

पावसाळ्यातील पहिला पूर ओसरल्यावर ओढ्याच्या काठाने चालत गेल्यास बाभळीच्या फांद्यांना अडकलेल्या पिशव्या, खताच्या गोण्यांच्या चिंध्या, नायलॉनच्या सुतळीचे तुकडे व फाटलेला मल्चिंग पेपर दृष्टीस पडतो. जेवढे अडकले तेवढेच आपणांस दिसते. जे वाहून गेले त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु ओढा नदीला मिळतो व नदी समुद्राला. कोकणातील उल्हास, सावित्री, वाशिष्ठी या नद्या थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठतात, तर देशावरील गोदावरी व कृष्णा या बंगालच्या उपसागरास मिळतात. वाटेतील धरणांत काही कचरा अडकून राहतो हे खरे. तथापि समुद्र ज्याने कधी पाहिला नाही अशा शेतकऱ्याचाही या प्रश्नाशी संबंध पोचतो, हे यावरून ध्यानात येईल.

कचऱ्याचे प्रमाण

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासानुसार, २०१० या एका वर्षात जगातील १९२ किनारी देशांच्या भूमीवरून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले असावे. याखेरीज मासेमारीच्या बोटींवरून तुटलेली व टाकून दिलेली जाळी, दोर आणि तरंडे समुद्रात पडतात ते निराळेच.

समुद्रात गेलेले सर्वच प्लॅस्टिक तरंगत नाही. पिशव्यांचे पॉलिथीन व गोण्यांचे पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे वर राहते. पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक, पी.व्ही.सी. व नायलॉन हे पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी जातात. वर राहिलेल्या प्लॅस्टिकवर शेवाळ व शिंपले चढले की तेही कालांतराने बुडू लागते. लाकूड वा ताग कुजून मातीत मिसळतो, तसे प्लॅस्टिक कुजत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते, लाटांनी त्याचे तुकडे पडतात, व त्या तुकड्यांचेही तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान अशा कणांस सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. हे कण माशांच्या पोटात व मिठातही आढळले आहेत.

पॅसिफिक महासागरातील साठा

महासागरात वारे व प्रवाह यांमुळे पाणी मोठ्या वर्तुळात संथपणे फिरत असते, आणि तरंगता कचरा अशा वर्तुळाच्या आतील भागात गोळा होतो. कॅलिफोर्निया व हवाई बेटे यांच्या दरम्यान असा एक साठा चार्ल्स मूर या नाविकाने १९९७ साली पाहिला व जगाच्या नजरेस आणला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे त्याचा विस्तार सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून अधिक असून, त्यात सुमारे ७९ हजार टन प्लॅस्टिक आहे. वजनाच्या हिशेबाने यातील जवळजवळ निम्मा भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे.

हे कचऱ्याचे बेट आहे अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाही. वरील आकड्यांचा शेतीच्या मापाने हिशेब केल्यास सरासरी एकरी सुमारे दोनशे ग्रॅम प्लॅस्टिक पडते. एवढे विरळ पसरलेले पीक हजारो मैलांवर जाऊन कापावयाचे, हीच या कामातील मुख्य अडचण होय.

काढण्याचे प्रयत्न

बोयान स्लॅट या डच तरुणाने २०१३ साली ‘दि ओशन क्लीनअप’ ही संस्था स्थापन केली. २०१८ साली तिने एक लांब तरंगता अडसर पॅसिफिकमध्ये सोडला. परंतु अडकलेले प्लॅस्टिक पुन्हा निसटू लागले, अडसराचा एक भागही तुटला, व तो परत आणावा लागला. पुढे दोन जहाजांनी अर्धवर्तुळाकार अडसर सावकाश ओढीत न्यावयाचा व मधल्या पिशवीत कचरा जमा करावयाचा, ही पद्धत २०२१ साली यशस्वी ठरली. तीस इंधन पुष्कळ लागते, आणि पृष्ठभागावर राहणारे बारीक जीवही कचऱ्याबरोबर ओढले जातात असा तिच्यावर आक्षेप आहे.

म्हणून नदीच्या मुखाशीच कचरा अडविणे अधिक किफायतशीर ठरते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात २०१४ पासून प्रवाहाच्या व सूर्याच्या शक्तीवर चालणारे एक मोठे चाक ओढ्यातील कचरा फिरत्या पट्ट्यावरून उचलून घेते.

आपल्या देशातील दोन उदाहरणे अनुकरणीय आहेत. केरळातील कोल्लम जिल्ह्यात २०१७ साली सुरू झालेल्या योजनेत मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लॅस्टिक पुन्हा समुद्रात न टाकता बंदरावर आणले. तेथे ते धुऊन, वाळवून त्याचा चुरा करण्यात आला व तो रस्त्याच्या डांबरात मिसळण्यासाठी वापरण्यात आला. मुंबईतील वर्सोवा किनाऱ्यावर अफरोझ शाह या वकिलांनी २०१५ साली सुरू केलेल्या कामात पुढे असंख्य नागरिक सामील झाले. २०१८ साली त्याच किनाऱ्यावर कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली.

शेतकऱ्याने काय करावे

एकदा समुद्रात गेलेले प्लॅस्टिक काढणे किती कष्टाचे आहे हे वर आलेच आहे. तेच प्लॅस्टिक शेतात असताना उचलण्यास मात्र एक गडी व एक पोते पुरते. याकरिता पुढील गोष्टी कराव्यात :

१. पीक निघताच, नांगरणीपूर्वी मल्चिंग पेपर गोळा करावा. फार पातळ कागद उन्हाने फाटून मातीत राहतो. म्हणून चांगल्या जाडीचा घ्यावा. जेथे शक्य असेल तेथे उसाच्या पाचटाचे वा भुश्याचे आच्छादन करावे.

२. ठिबकच्या जुन्या नळ्या व फाटक्या गोण्या बांधावर न टाकता स्वच्छ व कोरड्या करून भंगारवाल्यास द्याव्यात. त्यांस मोल येते.

३. कीटकनाशकाचा रिकामा डबा तीन वेळा धुऊन ते पाणी फवारणीच्या पंपात ओतावे. डब्यास भोके पाडून तो वेगळा साठवावा. ओढ्यात टाकू नये, घरी वापरू नये.

४. प्लॅस्टिक शेतात जाळू नये. त्याचा धूर माणसांस व जनावरांस अपायकारक असतो.

५. ही सर्व कामे पावसाळ्यापूर्वी उरकावीत व ग्रामपंचायतीने ओढ्याचा काठ साफ करून घ्यावा.

कोळीबांधव समुद्रात जाळे टाकतात ते मासळीसाठी. त्यांच्या जाळ्यात आपल्या शेतातील गोणी जाऊ नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.