ढगफुटी झाली म्हणे! पण नक्की काय झालं?

जुलै उजाडला की आपल्या वसई-विरारच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोच: 'नालासोपाऱ्यात ढगफुटी!' आज या शब्दाकडे जरा नीट बघूया.

आपण 'मुसळधार' म्हणतो ते डोळ्यांना दिसतं त्यावरून. मुसळासारखी जाड धार, बस्स. हवामान खातं मात्र मोजून बोलतं. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार. त्याच्याही वर गेला तर अतिवृष्टीची सगळ्यात वरची पायरी. आणि ढगफुटी? साधारण २०-३० चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस.

एक मिलिमीटर म्हणजे किती, तर एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ढगफुटीत तासाभरात १०,००० लिटर!

मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे क्लास आणि सबक्लाससारखं दिसतं. प्रत्येक ढगफुटी हा जोराचा पाऊसच असतो, पण प्रत्येक जोराचा पाऊस ढगफुटी नसतो. मोठ्या शब्दाच्या पोटात छोटा शब्द बसतो, उलटं होत नाही.

आता कुणी म्हणेल, शब्दाने काय फरक पडतो, पाणी तर घरात शिरलंच ना? फरक पडतो. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या. त्यामागे सलग काही दिवसांचा पाऊस होता. अशा वेळी 'ढगफुटी झाली' म्हटलं की विषयच संपतो, कारण आभाळ फाटलं तर कोण काय करणार? पण साधाच पाऊस होता म्हटलं की पुढचे प्रश्न येतात: नाले साफ होते का? पाणी मुरायच्या जागेवर भराव कुणी टाकला? भरती किती वाजता होती?

आणि हो, 'ढगफुटी नाही' म्हणजे 'धोका नाही' असं अजिबात समजू नका. खाडीला भरती असेल तर त्याहून कमी पाऊसही पुरतो. म्हणून अलर्टचा रंग बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

पुढचा फॉरवर्ड आला की तीनच गोष्टी विचारा: किती मिलिमीटर, किती वेळात, कुठे? उत्तर मिळालं तर मलाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!