कल्याणचा इराणी बिशप

येशूची आई मरीया हिला ‘देवमाता’ म्हणायचे की ‘ख्रिस्तमाता’? जन्म, भूक, मरण हे माणसाचे भोग, ते देवाच्या माथी कसे मारायचे, असा कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याचा सवाल होता. 431मध्ये इफिससच्या परिषदेने त्याला पदावरून काढले. 451मध्ये कॅल्सेडॉनच्या परिषदेने ख्रिस्ताबद्दल ‘व्यक्ती एक, स्वभाव दोन’ असे ठरवले. इराणी चर्चने मात्र इफिससचा निवाडा मानला नाही, आणि इथे हा वाद आपल्या किनाऱ्याला लागतो. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस लिहितो की ‘कल्लियाना’ला इराणहून नेमलेला बिशप असतो. हे आपले कल्याणच, असे बरेच अभ्यासक मानतात. नुसत्या नामसाम्यावर किती विसंबायचे, ही शंका रास्तच; उडुपीजवळही कल्याणपूर आहे. पण कॉस्मस मिरीचा ‘मले’ प्रदेश, म्हणजे मलबार, वेगळा सांगतो, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे त्याच्या कितीतरी आधी कोरलेली आहेत. बंदर जुने आणि नावाजलेले होते, एवढे पक्के. तिथल्या व्यापाऱ्यांना, खलाशांना स्वभाव आणि व्यक्ती यांच्या काथ्याकुटात रस कशाला असेल, असेही कुणी म्हणेल. नसेलही. पण बिशप येतो तो प्रार्थनेचे शब्द घेऊन, आणि इराणी चर्चच्या प्रार्थनेत मरीया ‘ख्रिस्तमाता’ होती.