मैदान गेलं, क्लब कसा उरला?

आज डब्लिनच्या मिलटाउन उपनगराची गोष्ट. तिथल्या ग्लेनमालूर पार्कवर शॅमरॉक रोव्हर्स हा फुटबॉल क्लब १९२६ पासून खेळायचा. शनिवार-रविवारी सगळा परिसर तिथे लोटायचा. पण मैदान मालकांच्या हाती होतं, प्रेक्षकांच्या नाही. १९८७ मध्ये मालकांनी मैदान सोडलं. चाहत्यांनी नव्या जागेवरच्या सामन्यांवर बहिष्कार घातला, तरी मिलटाउनला शेवटी घरंच उभी राहिली.

पुढची वीसेक वर्षं क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर फिरला, कर्जात बुडाला. २००५ मध्ये चाहत्यांनीच तो ताब्यात घेतला. २००९ मध्ये टॅला उपनगरातल्या, कौन्सिलच्या मालकीच्या स्टेडियमवर तो स्थिरावला. २०१० मध्ये लीगही जिंकला. म्हणून कुठल्याही क्लबाबद्दल आधी एकच विचारा: जागा कुणाच्या नावावर आहे?